भिंतीपर्यंत

"महाराष्ट्राच्या क्रीडाविश्वाचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल, तेव्हा त्याचं पहिलं पान कुरुंदगावातच उघडावं लागेल!" खरमाटे मास्तर हायस्कूलच्या मैदानात खुर्चीवर उभे राहून गरजले. "आज या पवित्र भूमीवर रग्बी या खेळाचा जन्म होत आहे!"

टाळ्या झाल्या. मास्तर खुर्चीवरून उतरले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आठल्ये सर, बॉल आलेला न्हाई."

"मग?"

"पुण्यास्नं पार्सल निघालंय म्हणं. आता नारळ फोडून उद्घाटन करायचं का नारळानंच खेळायचं, तेवढं सांगा. नारळ एकच हाय."

खेळावं असं ठरलं. आकार साधारण जुळत होता. पहिला पास नीट गेला. दुसरा शबाना मुल्लाच्या हातातून निसटून दगडावर पडला आणि उद्घाटनही होऊन गेलं. सगळ्यांनी खोबरं खाल्लं, सरपंचांनी नारळात उरलेल्या पाण्याचा आग्रह धरला आणि जन्माला आलेली रग्बी त्या दिवसापुरती घरी गेली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. कुरुंदगाव वारणेच्या काठचं. ऊस आणि कबड्डी ही तिथली दोन पिकं. पैकी कबड्डीला पाणी कमी लागतं, म्हणून ती जास्त. मी तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. रग्बीच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं, तेवढ्या पात्रतेवर मला मुलींच्या संघाचा मॅनेजर नेमण्यात आलं. त्याआधी मैदानाला माझा पाय लागला होता तो फक्त झेंडावंदनाला.

"पण मास्तर," मी त्यांना विचारलं होतं, "गावात कबड्डी एवढी जोरात असताना ही रग्बी कशाला?"

मास्तर हायस्कूलात पीटी शिकवायचे आणि संध्याकाळी तालमीच्या पटांगणात मुलींना कबड्डी. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं.

"सर, कबड्डीत राज्याला जायचं म्हंजे किती जणींच्या डोक्यावर पाय देऊन जावं लागतंय, म्हाईत हाय? तालुका, जिल्हा, विभाग. आन् म्होरं मुंबईच्या पोरी दबा धरून बसल्यात. त्या बँकेत हायत, रेल्वेत हायत, खेळायचाच पगार घेत्यात. आन् रग्बीत? अख्ख्या राज्यात बायकांचे संघ सात. आपला धरून. सातांत तिसरं यायचं, बास. पहिल्या तिघांत आली की पोरगी राज्याची पदकवाली. पदक आलं की पोलिसभरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. हाय काय त्यात?"

"आणि खेळ?"

"खेळ कुठला का असंना."

हा सगळा खटाटोप मुळात एकट्या शालनसाठी होता, हे मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं आणि गावात सगळ्यांना माहीत होतं.

शालन ऐनापुरे. एके काळी जिल्ह्यात तिच्यासारखी चढाई करणारी दुसरी नव्हती. दम धरून समोरच्यांच्या हद्दीत शिरायची, दोघीतिघींना शिवायची आणि हात पडायच्या आत मागे. "जाणं कुणालाबी जमतंय," मास्तर नव्या मुलींना सांगायचे, "परत येतीय ती खरी खेळाडू. शालनसारखं परत यायला शिका." मग तिचं अथणीच्या बाजूला लग्न झालं. नवऱ्यानं चार वर्षांनी दुसरी आणून घरात बसवली आणि शालन परत आली. गावाला त्यात नवल वाटलं नाही. फक्त या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत.

आता ती दत्ता या थोरल्या भावाकडे राहत होती. साध्या भरतीचं वय केव्हाच उलटून गेलेलं. खेळाडूंना वयाची सवलत असते, तीही त्या वर्षी संपत होती. म्हणजे पदक याच मोसमात पाहिजे होतं. पुढच्या मोसमात ते नुसतं भिंतीवर लावायला उपयोगी पडलं असतं.

बॉल अखेर आला. मी पुस्तक वाचून मुलींना खेळ समजावून सांगितला. बॉल छातीशी धरून पळायचं. समोरच्या टोकाला एक रेषा असते, तिच्यापलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवायचा. टेकवला की गुण. वाटेत समोरच्या आडव्या येणार, पाडणार.

"पाडत्यात?" मुलींचे चेहरे उजळले. "मग आमालाबी पाडता येतंय?"

"हो."

"घोट्याला धरून?"

मी पुस्तक चाळलं. घोट्याबद्दल काही तक्रार नव्हती. मास्तर म्हणाले, "पदक आलं म्हणून समजा."

पहिला सामना साताऱ्यात होता. पंच होते मुंबईचे डिसोझा नावाचे गृहस्थ. उंच, घामाघूम आणि स्वभावानं फार सोशिक. सामना सुरू झाला तो झकास. साताऱ्याच्या मुलींनी बॉल घेतला की आमच्या मुली हातात हात गुंफून साखळी करायच्या आणि घोट्याला धरून अशा आपटायच्या की प्रेक्षक उभे राहायचे. मग बॉल आमच्याकडे आला. आमची एक मुलगी पळाली, पकडली गेली, पडली. उठली, कपडे झटकले आणि खाली मान घालून मैदानाबाहेर येऊन माझ्या शेजारी बसली.

मग दुसरी आली. मग तिसरी.

मध्यंतराच्या जरा आधी मैदानात आमच्या चौघी उरल्या होत्या आणि बाकीच्या माझ्या शेजारी शिस्तीत, बाद झालेल्या क्रमानं बसल्या होत्या. डिसोझा शिट्टी तोंडात तशीच ठेवून माझ्यापाशी आले.

"मॅनेजर, आपका लडकी लोग बाहर कायको बैठता है?"

"आउट झाल्या."

"रग्बी में आउट नहीं होता."

मी मुलींकडे वळलो. "अगं, यात बाद होत नाहीत. जा आत."

"मला पकडलं न्हवं का सर?" पहिली म्हणाली.

"पकडलं."

"मग?"

"मग उठायचं आणि पुन्हा खेळायचं."

"असं कसं?" ती म्हणाली. "जनाची न्हाई, मनाची तरी लाज?"

शेवटी मास्तरांनी त्यांना शपथ घातली तेव्हा त्या आत गेल्या. पण दर वेळी पकडलं की बाहेर यायला एक पाऊल पडायचंच. आणखी एक अडचण होती. बॉल घेऊन पळताना सगळ्या 'कबड्डी, कबड्डी' म्हणायच्या. डिसोझांनी मला पुन्हा बोलावलं आणि ही शिवी आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, जप आहे. त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि सामना पुढे चालू केला.

आणि मग बॉल शालनकडे गेला.

तिला पळताना मी प्रथमच पाहत होतो. मला खेळातलं काही कळत नाही, पण पाणी उतारावरून जातं तशी ती त्या मुलींमधून गेली. एकीच्या हाताखालून, दुसरीच्या बगलेतून. समोर कोणी नव्हतं. रेषा आली. मास्तर उठून उभे राहिले. शालननं रेषेपलीकडे उजवा पाय टाकला, चटकन वळली आणि बॉल छातीशी धरून परत निघाली.

साताऱ्याच्या मुली तिच्यामागे धापा टाकत येत होत्या. त्यांना ती समोरून येताना दिसली. दोघी बिचकून बाजूला झाल्या. ती सगळं मैदान उलटं पळत मधल्या रेषेपर्यंत आली, रेषेला हात लावला आणि हसून मास्तरांकडे बघितलं.

मास्तर खाली बसले. "शिवून आली," ते हताश होऊन मला म्हणाले. "काय सुंदर शिवून आली हो."

आम्ही तो सामना हरलो. पण उरलेला मोसम अगदीच वाईट गेला नाही. एक संघ आलाच नाही, त्याचे गुण आम्हाला मिळाले. आमच्या पकडींमुळे समोरच्यांना गुण करता यायचे नाहीत, आणि आमच्याकडून गुण करायची शबाना. पिठाच्या गिरणीवाल्या मुल्लांची ही धाकटी मुलगी संघात होती ती तेरा डोकी भरावीत म्हणून. तिला कबड्डी अजिबात येत नव्हती. एवढंच तिचं भांडवल, पण त्या संघात ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. रेषेपलीकडे बॉल टेकवून ती तिथंच उभी राहायची. परत यायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. रडतखडत आम्ही तिसऱ्या जागेच्या सामन्यापर्यंत पोचलो. तो जिंकला की पदक.

शालन मात्र दर सामन्यात जायची आणि परत यायची.

एकदा एसटीनं परत येताना ती माझ्या शेजारच्या बाकावर होती. खिडकीला डोकं टेकून बसलेली. मी विचारलं, "शालन, तुला कळतं ना, बॉल टेकवायचा असतो ते?"

"कळतंय की सर."

"मग?"

"रेघेपतर कळतंय. रेघ आली की पायच वळत्यात. मी न्हाई वळवत." ती जरा थांबली. "लहानपणापास्नं मास्तरांनी हाणून हाणून शिकीवलंय. पलीकडं थांबली की मेली."

पुढे बसलेले मास्तर खिडकीबाहेर बघू लागले.

"घरी काय म्हणतात?" मी विषय बदलला. फार हुशारीनं बदलला नाही.

"काय म्हणायचंय? वहिनी लई चांगली हाय सर. शब्दानं दुखवत न्हाई. कोण पावणं आलं, विचारलं, की सांगती, वन्सं आल्यात चार दिवस. तीन वर्सं झाली. आजून चार दिवसच म्हणती." ती हसली. "पोलिसात लायनीत खोली मिळती म्हणं. एकच खोली आसती. पर त्या खोलीत मी पावणी न्हाई."

मास्तर मागे वळले. "शालन, आयक. ती पलीकडची बाजू हाय न्हवं, तेच आपलं घर आसं समजायचं. म्हंजे पाय वळायचे न्हाईत."

"तसं एकदा समजले हुते मास्तर," ती म्हणाली. "लग्नात समद्यांनी तेच सांगितलं हुतं."

कासेगाव आलं. तिथे भडंगवाला चढला, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांना भडंग घेऊन दिलं.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. हायस्कूलच्या मैदानाच्या एका टोकाला सोसायटीचं खताचं गोदाम होतं. त्याची पाठीमागची भिंत मैदानाला लागून होती. मास्तरांनी भिंतीच्या जरा अलीकडे चुन्यानं रेषा मारली आणि शालनला दुसऱ्या टोकाला उभं केलं.

"भिंत दिसती?"

"दिसती."

"रेघेकडं बघायचंच न्हाई. रेघ न्हाईच, आसं समज. भिंतीला हात लागूस्तवर थांबायचं न्हाई आन् मागं बघायचं न्हाई. हात लागला की बॉल खाली. मागं बघशील तर माझ्याशी गाठ हाय."

पहिले काही दिवस ती रेषेवरनं वळायची. मास्तर शिव्या द्यायचे, मग माफी मागायचे, मग पुन्हा पळवायचे. मग ती एकदा रेषेपलीकडे दोन पावलं गेली आणि वळली. मग भिंतीच्या हातभर अलीकडून वळली. आणि एका संध्याकाळी भिंतीवर थाप वाजली. गोदामातला वॉचमन बाहेर येऊन बघून गेला. शालन भिंतीला एक हात लावून उभी होती आणि दुसऱ्या हातातला बॉल जमिनीला टेकलेला होता.

मास्तरांनी टोपी काढून तोंड पुसलं.

त्यानंतर थाप रोज वाजू लागली. ती धावत यायची, शेवटी एक हात पुढे काढायची, थाप आणि बॉल खाली. भिंतीवर तिच्या तळव्याच्या उंचीला गिलावा काळा पडला.

मी नियमांचं पुस्तक मास्तरांना पुन्हा एकदा वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की टोकाच्या रेषेमागे थोड्या अंतरावर आणखी एक रेषा असते, आणि खेळाडू बॉलसकट तिच्यापलीकडे गेली तर बॉल मेला, गुण नाही.

"कुठं आसती म्हणालासा?" मास्तरांनी विचारलं.

मी मैदानावर जाऊन जागा दाखवली. ती बरोबर गोदामाच्या भिंतीवर येत होती.

"मग तिथं आपली भिंत हाय की सर," मास्तर म्हणाले. "तिच्यापलीकडं कशी जाईल ती?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं.

तिसऱ्या जागेचा सामना पुण्यात होता, एका कॉलेजच्या मैदानावर. हिरवंगार, सपाट, चारी बाजूंनी मोकळं. आमच्या मुलींनी बूट काढून हिरवळीवर पाय ठेवून बघितले. समोर नाशिकचा संघ होता. मास्तरांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं की पदक मिळालं तर येताना ढाब्यावर जेवण, आणि ज्याला जे पाहिजे ते.

मॅनेजरसाठी मैदानालगत चुन्याचा चौकोन आखलेला होता. त्यात एक खुर्ची. डिसोझांनी मला आधीच बजावलं होतं की चौकोनातून बाहेर पाऊल पडलं किंवा आतून खेळाडूंना ओरडून काही सांगितलं तर दंड संघाला. मी म्हटलं, मला काही सांगता येण्यासारखं नाही. ते म्हणाले, सगळे मॅनेजर सुरुवातीला असंच म्हणतात.

सामना मी काय सांगू? पाडापाडी झाली. नाशिकच्या मुली उंच होत्या आणि पडल्या की पुन्हा उठायच्या, हा त्यांचा फायदा होता. शबानानं एकदा बॉल टेकवला, त्यांनीही टेकवला आणि वर बॉल लाथेनं खांबांमधून मारून दोन गुण जादा घेतले. दुसऱ्या सत्रात शबानाचा पाय मुरगळला. तिला दोघींनी उचलून आणून माझ्या चौकोनात, माझ्या खुर्चीशेजारी बसवलं. आम्ही दोन गुणांनी मागे होतो. बॉल टेकवला की चार मिळतात. वेळ संपत आली होती.

"आता कोण करंल सर?" शबाना बूट सोडत म्हणाली.

"शालन आहे की."

"दीदीचं आता बेस झालंय न्हवं?"

"रोज वाजते थाप. ऐकत नाहीस का?"

"आमच्या गिरणीत ऐकू येती," ती म्हणाली. "अब्बा म्हणतात, वाजली, आता दिवा लावा."

तेवढ्यात बॉल शालनकडे गेला.

ती मधल्या रेषेच्या बरीच अलीकडे होती. पहिली नाशिककरीण अंगावर आली, ती तिच्या हाताखालून निघून गेली. दुसरी घोट्याकडे झेपावली. घोट्याचं काय करायचं हे शालनला शिकवायची गरज नव्हती. तिसरी मागे राहिली. मग मोकळं मैदान, आणि त्यात एकटी शालन, ओठ हलताहेत, केसांची वेणी सुटलेली. मास्तर मैदानाच्या पलीकडच्या कडेनं तिच्याबरोबर पळायला लागले होते. पन्नाशीचा माणूस, धोतर सावरत.

रेषा आली.

ती वळली नाही.

पाऊल रेषेपलीकडे पडलं, दुसरं पडलं, आणि ती वळली नाही. आमच्या मुली किंचाळल्या. नाशिकच्या मुली धावायच्या थांबल्या. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. नुसतं खाली वाकायचं होतं. बॉल हातातून सोडून दिला असता, वर नुसतं अंग टाकलं असतं, तरी चाललं असतं.

शालननं एक हात पुढे काढला.

"सर," शबाना हळूच म्हणाली. "हितं भिंत न्हाई."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. पायाखाली चुन्याची रेघ होती. ओरडलो असतो तरी ते कुणाला ऐकू गेलं नसतं, एवढा आमच्याच मुलींचा आनंद चालला होता. मी उघडं तोंड मिटलं.

ती हात पुढे धरून दुसऱ्या रेषेवरून गेली. तिथला दोर तिनं उडी मारून ओलांडला. अॅम्ब्युलन्सवाला चहा पीत होता, त्यानं कप बाजूला घेतला. कॉलेजच्या मुलामुलींचा घोळका दुभंगला. फाटक उघडं होतं. ती त्यातून बाहेर गेली आणि दिसेनाशी झाली.

डिसोझा तिच्यामागे धावत दुसऱ्या रेषेपर्यंत गेले होते. तिथे ते विहिरीच्या काठावर थबकावं तसे थबकले, फाटकाकडे बघत राहिले आणि मग त्यांनी नाइलाजानं शिट्टी वाजवली. बॉल मेला होता. मेलेला बॉलही जागेवर नव्हता.

ते माझ्या चौकोनापाशी आले. "किधर गया वो?"

"माहीत नाही."

"वापस आयेगा ना?"

"आजवर तरी यायची," मी म्हणालो.

दुसरा बॉल आणून उरलेली मिनिटं खेळली गेली. कोणाचं लक्ष नव्हतं, नाशिककरांचंही. सामना संपला. नाशिकच्या मुली आनंदानं नाचल्या. जरा वेळानं त्यांतल्या दोघी येऊन आमच्या मुलींच्या गळ्यात पडून रडल्या. त्यांनी शालनचं नाव विचारलं.

मास्तर हिरवळीवर बसले होते. टोपी मांडीवर. मी जवळ गेलो.

"बघितलंसा सर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "एकदासुदिक मागं बघितलं न्हाई हो तिनं."

"नाही बघितलं."

"सांगितलं हुतं तसंच केलं." त्यांनी गवताची काडी उपटली आणि पुन्हा होती तिथे लावायचा प्रयत्न केला. "तुम्ही जावा सर. मला तिच्याम्होरं जायला जमायचं न्हाई."

मी फाटकाबाहेर गेलो. मोठा रस्ता होता. रिक्षा, सायकली, दुपारची रहदारी. ती फार लांब गेली नव्हती. बसथांब्याच्या कट्ट्यावर एका पेरूवालीच्या टोपलीशेजारी बसली होती. बॉल मांडीवर होता. पेरूवाली त्याच्याकडे जरा संशयानं बघत होती.

मी शेजारी बसलो. तिनं सरकून जागा दिली.

"हरलो?" तिनं विचारलं.

"दोन गुणांनी."

तिनं मान हलवली. "हात म्होरं करून पळत हुते सर. आत्ता लागंल, मग लागंल. लागंचना. मग रस्ताच आला."

"लागलं तर नाही ना कुठं?"

"न्हाई." तिनं बॉल या हातातून त्या हातात घेतला. "हितं येऊन हुबी ऱ्हायले, तर एक रिक्षा थांबली. म्हणाला, कुठं जायचंय ताई?"

"मग?"

"मग काय सांगू? म्हटलं, कुठं न्हाई. तर म्हणाला, मग रस्त्यातनं बाजूला बसा. म्हणून हितं बसले."

एक बस आली. लोक चढले, उतरले. बस गेली. मी वर्गात तासभर न थांबता बोलू शकणारा माणूस. त्या कट्ट्यावर मला जे वाक्य सापडलं ते निरुपयोगी होतं.

"मी वर लिहून बघतो," मी म्हणालो. "वयाच्या सवलतीचं. एखाद्या वर्षानं वाढवून देतात का, चौकशी करू. कोणी ओळखीचं निघेल."

"व्हय," ती म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली.

"मास्तर तुझ्यावर रागावलेले नाहीत."

"म्हाईत हाय. रडत्यात न्हवं?"

"थोडे."

"त्यास्नी म्हणावं, थाप मारायची सवय आता जाता जाणार न्हाई. वॉचमनची झोप मोडंल रोज." ती हसली. मग तिनं चेहऱ्यावरचं हसू हातानंच पुसलं, घाम पुसावा तसं. पेरूवालीनं एक पेरू कापला, मीठ लावलं आणि न विचारता तिच्या हातात दिला. शालननं त्यातली अर्धी फोड मला दिली. आम्ही पेरू खाल्ला. चांगला होता.

रस्त्यापलीकडे आमचा टेम्पो फाटकाबाहेर येऊन उभा राहिला. मुली एकेक करून चढत होत्या. शबानाला दोघींनी खालून-वरून धरून चढवलं. कोणी आमच्याकडे बघून हाक मारली नाही. ड्रायव्हरनं हॉर्नही वाजवला नाही. कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

"निघू या?" मी म्हणालो.

ती उठली. बॉल काखेत घेतला, वेणी बांधली. मग थांब्याच्या मागच्या टेलिफोन बूथकडे तिचं लक्ष गेलं आणि ती जागच्या जागी घुटमळली.

"सर, एक काम कराल?"

"सांग ना." मी तत्परतेनं म्हणालो. त्या क्षणी तिनं काहीही सांगितलं असतं तरी मी केलं असतं. मंत्रालयात जा म्हणाली असती तरी गेलो असतो.

"दत्तादादाच्या शेजारी जाधवांकडं फोन हाय. तेवढा लावा. मास्तर ढाब्यावर जेवाण घालणार म्हणून सकाळी नको म्हणून सांगून आले हुते मी." तिनं बॉल दुसऱ्या काखेत घेतला. "वहिनीला म्हणावं, माझी भाकरी टाका. एकच. कालवण कायबी चालंल."